भांड्यात उरलेले दोन चेंडू

फुटबॉलच्या कपमध्ये तिसऱ्या फेरीत कोण कोणाशी खेळणार याची सोडत दुपारी टीव्हीवर दाखवणार होते, त्यामुळे सकाळपासून कप्तानचं भट्टीकडे लक्ष नव्हतं. कप्तान म्हणजे गावातला बेकरीवाला. तरुणपणी गावच्या क्लबच्या दुसऱ्या संघाचं कप्तानपद त्याच्याकडे एकाच सामन्यापुरतं आलं होतं, तेही खऱ्या कप्तानाला गालगुंड झालं म्हणून. सामना हरले, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. आता केस पिकले, पोट सुटलं, गुडघे कुरकुरायला लागले, तरी पाव न्यायला येणारी पोरंसोरंही त्याला कप्तानकाका म्हणत.

क्लब लहान होता. कपमध्ये तो एरवी पहिल्याच फेरीत गारद व्हायचा आणि लोक सुटकेचा निःश्वास टाकून आपापल्या कामाला लागायचे. त्या वर्षी मात्र दोन फेऱ्या पार पडल्या होत्या. दुसरी तर समोरच्या गोलकीपरचा पाय घसरला म्हणून. तिसऱ्या फेरीत मोठे क्लब उतरतात. गेल्या वर्षीचे विजेते वाट्याला आले, तर ज्या स्टेडियममध्ये अख्खं गाव बसवूनही एक कोपरा भरणार नाही, तिथे जायला मिळणार होतं. गावात दुसरा विषय नव्हता. कप्तानने तर पेटीतला राखाडी कोट काढून दोन दिवस उन्हात टाकला होता.

दुपारी बेकरीत गर्दी झाली. शेजारचा न्हावी खुर्चीवरचं गिऱ्हाईक तसंच सोडून आला, तेव्हा ते गिऱ्हाईकही अर्ध्या तोंडाला साबण तसाच ठेवून त्याच्या मागोमाग आलं. टपालवाली बाई सायकल दाराला टेकवून आत शिरली. कप्तानची बायको गल्ल्यामागे बिस्किटांचे पुडे बांधत होती. तिने टीव्हीचा आवाज वाढवून दिला आणि परत पुडे बांधायला लागली.

काचेच्या भांड्यात क्लबांची नावं लिहिलेले चेंडू होते आणि सूट घातलेला एक निवृत्त खेळाडू एकेक चेंडू काढत होता. चष्मा विसरला असावा, कारण प्रत्येक चेंडू तो हात लांब करून वाचत होता. विजेते लवकरच निघाले, आणि भलत्याच कुणाच्या वाट्याला गेले. बेकरीत हळहळ झाली. मग सगळ्यांनी एक पायरी खाली उतरून बघितलं. विजेते नाहीत तर उपविजेते. उपविजेतेही गेले, तेव्हा निदान ज्यांची जर्सी दुकानात विकत मिळते असं कुणीतरी मिळावं, इतकंच मागणं उरलं. भांडं रिकामं होत होतं आणि मोठी नावं एकमेकांत वाटली जात होती. शेवटी तळाशी दोन चेंडू राहिले. ज्याला गणित येतं त्याला आणि ज्याला येत नाही त्यालाही उत्तर कळलं.

पुलापलीकडचे.

नदीवरचा पूल ओलांडला की जे गाव लागतं, त्याचा संघ. चेंडूही त्यांचा आधी निघाला, म्हणजे सामना त्यांच्याच मैदानावर. या हंगामात त्यांच्याशी दोनदा गाठ पडली होती आणि दोन्ही सामने एकही गोल न होता संपले होते. दुसऱ्या सामन्याच्या बातमीत वर्तमानपत्राने मैदानात शिरलेल्या कुत्र्यावर खेळाडूंपेक्षा जास्त ओळी लिहिल्या होत्या.

मग न्हावी म्हणाला की डोंगर पोखरून उंदीर निघतो हे ऐकलं होतं, पण हा उंदीर तर आपल्याच घरातला निघाला. टपालवाली म्हणाली, तिकडे ती रोज टपाल घेऊन जातेच, तेव्हा सामना ड्यूटीतच धरायला साहेबांची हरकत नसावी. अर्ध्या तोंडाला साबण लावलेल्या गिऱ्हाइकाने सुचवलं की निकाल माहीतच आहे तर दोन्ही संघांनी घरीच थांबावं, उगाच गवत कशाला तुडवायचं. यावर सगळे हसले, आणि हसता हसता टपालवालीने विचारलं की हा जळका वास कसला.

कप्तान भट्टीकडे धावला. पाव कोळशासारखा झाला होता. त्याने ट्रे तसेच आणून फळीवर ठेवले. न्हाव्याने एक पाव मोडला, तुकडा तोंडात टाकला आणि गंभीरपणे सांगितलं की सोडतीची चव नेमकी अशीच आहे.

सगळे गेल्यावर बायको म्हणाली, "मला तर हीच सोडत हवी होती."

तिने हातातला पुडा बांधून पूर्ण केला आणि मग सांगितलं. त्यांची एकुलती एक लेक दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन पुलापलीकडे गेली होती. जायला बसने जेमतेम अर्धा तास लागतो, पण शनिवारी कप्तानची मॅच आणि रविवारी बेकरीत मान वर करायला फुरसत नाही. जाऊ जाऊ म्हणता जाणं राहून जायचं.

"शनिवारी तुम्ही मॅचला जाल आणि मी लेकीकडे," ती म्हणाली. "एकाच बसने. तुम्हाला विजेत्यांकडे जायचं होतं, पण तिथे माझं कोण आहे?"

कप्तान जळके ट्रे खरवडायला बसला.

लेकीकडे जायचं म्हणजे व्याह्यांची गाठ पडणार, ही त्याच्या मनात खरी अडचण होती. व्याही घड्याळजी होते. उंच, किडकिडीत, मितभाषी माणूस. त्यांच्याशी बोलणं म्हणजे बंद घड्याळाला किल्ली देणं, असं कप्तान म्हणायचा. त्याला एक सल होता. लग्नाच्या जेवणानंतर कप्तानने लेकीबद्दल चार शब्द बोलायचे ठरवले होते. आठवडाभर पीठ मळताना त्याने ते पाठ केले होते. आणि तो बोलत असताना व्याह्यांनी घड्याळ बघितलं. एकदा नाही, तीनदा. तेव्हापासून दोघांमध्ये "काय, बरं आहे ना?" आणि "बरं आहे" यापलीकडे काही गेलं नव्हतं.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. आधी ती नुसतीच हसत होती. सोडत बघून सासऱ्यांनी डोळ्यावरचं भिंग उतरवून ठेवलं आणि पाच मिनिटं भिंतीकडे बघत बसले, असं तिने सांगितलं. मग तिने हुकूम सोडला. जेवण तिच्याकडे. जावई इलेक्ट्रिशियन, त्या दिवशी त्याला मैदानातल्या दिव्यांचं काम होतं, म्हणून त्याच्या जागेवर बाबांनी सासऱ्यांशेजारी बसायचं.

"आणि बाबा, भांडलात तर मला कळवू नका," ती म्हणाली.

शनिवारी दोघं बसने गेली. कोट कप्तानने घातला नाही. एवढ्याशा सामन्याला कोट म्हणजे फार झालं, असं त्याचं मत पडलं. जेवताना बायको आणि लेक इतक्या बोलत होत्या की पुरुषांच्या गप्प बसण्याकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. मग दोघे व्याही चालत मैदानावर गेले.

मैदान साबणाच्या कारखान्याला लागून होतं आणि त्या दिवशी वारा नेमका तिकडूनच येत होता. खेळ सुरू झाला आणि लोकांना भीती होती तसाच झाला. चेंडू मधल्या पट्ट्यात अडकून पडला होता, जसा एखादा पाहुणा दारातच निरोप घेत तासभर उभा राहतो. कप्तान हाताची घडी घालून बसला होता. व्याहीही तसेच.

बऱ्याच वेळाने व्याही समोर बघतच म्हणाले, "तुमचा तो उजवीकडचा पळतो छान. बरोबर चेंडू असता तर अजून छान दिसला असता."

कप्तानला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. त्याने वळून बघितलं, तर व्याह्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. कप्तानला हसू आवरेना. थोडं थांबून तो म्हणाला की तुमचा गोलकीपर बहुधा भरपगारी रजेवर आहे. व्याह्यांनी मान हलवली आणि खुलासा केला की नाही, तो लिहूनही देतो, पण क्लब रजा मंजूर करत नाही.

मग किल्ली बसली. मैदानात काही घडत नव्हतं, त्यामुळे बोलायला भरपूर सवड होती. समोरच्या रांगेतले दोघंतिघं मान वळवून ऐकायला लागले. हाफटाइमला व्याह्यांनी थर्मासमधला चहा ओतला, आणि चहाच्या दुसऱ्या पेल्यावर कप्तानने मनातलं विचारून टाकलं, की लग्नात माझं बोलणं फार लांबलं होतं का.

व्याही गोंधळले. मग त्यांना आठवलं आणि त्यांचे कान लाल झाले. "अहो, हॉलमधलं भिंतीवरचं घड्याळ मागे पडत होतं," ते म्हणाले. "एकदा ते लक्षात आलं की मला चैन पडत नाही. मी माझ्या घड्याळाशी ताडून बघत होतो. तुमचं बोलणं मी ऐकलं. लहानपणी ती पिठाच्या पोत्यावर झोपायची म्हणालात ते. घरी सगळ्यांना सांगतो मी ते."

कप्तानने उरलेला चहा एका घोटात संपवला. दोन वर्षं आपण कशावर रुसून बसलो होतो, याचं त्याला हसूही आलं आणि थोडी लाजही वाटली.

सामना शून्य-शून्य सुटला. शिट्टी वाजली तेव्हा दोन्हीकडच्या लोकांनी एकत्रच उसासा टाकला. सगळ्या दिवसात दोन्ही गावांनी मिळून केलेली ती एकच गोष्ट. फेरसामना आता अलीकडच्या मैदानावर, बुधवारी. बाहेर पडताना न्हावी भेटला. तो कपाळावर हात मारून म्हणाला की एकदा मेलेल्याला पुन्हा मारायला बोलावतायत. कप्तान म्हणाला, "येतीलच आता." कोण येतील ते न्हाव्याला कळलं नाही.

बुधवारी व्याही दुकान लवकर बंद करून आले. सामन्याला अवकाश होता, म्हणून ते बेकरीत पोत्यावर बसले आणि गरम बिस्किटं खात कप्तानला पाव काढताना बघत राहिले. भट्टीत पाव झाला हे वासावरून कळतं का, असं त्यांनी विचारलं. कळतं, कप्तान म्हणाला, पण सोडत चालू असेल तर नाही. बायकोने गल्ल्यामागून मोठ्याने दाद दिली.

फेरसामन्यात गोल झाला. अलीकडच्यांच्या एका बचावपटूने संकट टाळायला चेंडू जोरात लाथाडला, तो आपल्याच दुसऱ्या खेळाडूच्या पाठीवर आदळला आणि कुणाचंही मत न विचारता स्वतःच्याच जाळ्यात गेला. तेवढ्यावर सामना संपला. न्हाव्याने टोपी काढली. पलीकडून आलेली मंडळी नाचत होती, पण व्याही जागेवरून उठले नाहीत, टाळीही वाजवली नाही.

"हा गोल आम्ही मागितला नव्हता," ते म्हणाले.

कप्तानला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण दरवर्षी हरल्यावर घरी जाताना जी चिडचिड व्हायची, ती त्या दिवशी कुठे दिसेना. व्याह्यांना बसपर्यंत पोचवून तो शीळ घालत परत आला.

पुढच्या फेरीची सोडत झाली आणि पुलापलीकडच्यांना विजेते मिळाले. तेही विजेत्यांच्या स्टेडियममध्ये. हे ऐकून मात्र कप्तानचा जळफळाट झाला. न्हाव्याने दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं, कुणी विचारलं तर सुतक आहे म्हणाला. टपालवाली म्हणाली, त्या गावात आता टपाल उलटं टाकावं असं वाटतंय.

दोन दिवसांनी व्याही बेकरीत आले. त्यांच्याकडे दोन तिकिटं होती, एक त्यांचं आणि एक जावईबापूंचं. पोरगा म्हणतो, तुम्ही सासऱ्यांनाच न्या, असं त्यांनी सांगितलं. कप्तानने आढेवेढे घेतले. पलीकडच्यांमध्ये कसं बसायचं, गावात तोंड कसं दाखवायचं. बायकोने मधेच तिकीट घेऊन गल्ल्यात ठेवून दिलं आणि विषय संपवला.

स्टेडियम खरोखरच अवाढव्य होतं. त्यांची जागा इतकी वर होती की खेळाडू साखरेवरच्या मुंग्यांएवढे दिसत. कप्तान गुपचूप, कुठल्याच रंगाचं काही अंगावर न घालता, व्याह्यांशेजारी बसला. विजेत्यांनी पहिला गोल केला, दुसरा केला, तिसरा केला. चौथ्या गोलनंतर पुलापलीकडचा तो रजेचा अर्ज देणारा गोलकीपर चेंडूवर झेपावला, आणि समोरच्या धिप्पाड खेळाडूने त्याला सरळ आडवा केला. रेफरी बघून न बघितल्यासारखं करत पुढे गेला.

कप्तान उभा राहिला. आयुष्यभर ज्या संघाला त्याने नावं ठेवली होती, त्याच्यासाठी तो बेंबीच्या देठापासून ओरडत होता. रेफरीचे डोळे काढले, विजेत्यांची अब्रू काढली, आणि "आमचा माणूस पडलाय तिकडे, दिसत नाही का," असं अर्ध्या स्टँडला ऐकू गेलं. मग आपण काय म्हणालो ते त्याच्या लक्षात आलं आणि तो हळूच खाली बसला.

व्याह्यांनी त्याच्याकडे बघितलं नाही. थर्मास उघडून चहा ओतला आणि पेला त्याच्या हातात दिला. सहा गोल खाऊन पलीकडचे परतले. येताना बसमध्ये सगळे गात होते, आणि कप्तानला शब्द येत नसल्यामुळे तो नुसता टाळ्या वाजवत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हावी नेहमीसारखा पाव न्यायला आला. सामना त्याने टीव्हीवर पाहिला होता, स्टँडमध्ये उभा राहून ओरडणारा माणूसही, पण तसं काही बोलला नाही. पाव घेतला, पिशवीत टाकला आणि दारात थांबला.

"घसा बसलाय का, कप्तान?"

"थंडी होती वर," कप्तान घोगऱ्या आवाजात म्हणाला, आणि ताज्या बिस्किटांचा ट्रे त्याच्यापुढे सरकवला.