दोघांच्या वजनाची हवा

आमच्या घरातल्या मोटरसायकलला मी म्हैस म्हणते. बाबांच्या तोंडावर अर्थातच नाही. पण एवढं मोठं धूड, दोन्ही कुशींना पेट्या, पाठीमागे तिसरी पेटी आणि रोज सकाळी आंघोळ. दुसरं काय म्हणायचं? मी लग्न होऊन आले तेव्हा अंगणातली सावलीची जागा तिची होती आणि माझ्या स्कूटरला जिन्याखाली अंग चोरून उभं राहावं लागलं होतं.

या म्हशीवर बसून माझे सासू-सासरे दर सुट्टीत लांबलांबचे रस्ते पालथे घालायचे. बाबा जन्मभर जमिनी मोजत आले, आई शाळेत भूगोल शिकवायच्या. रस्ता आईंनी ठरवायचा, गाडी बाबांनी चालवायची. डावीकडे वळायचं असेल तर आई त्यांच्या डाव्या खांद्यावर थाप मारत, उजवीकडे असेल तर उजव्या. सरळ जायचं असेल तर पाठीत मधोमध. संसारही साधारण याच पद्धतीने चालला, असं माझा नवरा म्हणतो.

मग आई आजारी पडल्या. दुखणं मोठं होतं. त्यातून त्या उठल्या, पण अंगापिंडाने भरलेली ती बाई निम्मी होऊन उठली. घरात त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. नवऱ्याने न्हाणीघरातला वजनकाटा गुपचूप माळ्यावर टाकला. मी त्यांचे ब्लाउज आतून टिपा मारून लहान केले आणि त्यांनी ते न बोलता घातले. डॉक्टरांनी हिंडाफिरायला परवानगी दिली, तेव्हा त्यांनी पहिली गोष्ट मागितली ती म्हशीवरची फेरी.

त्या फेरीवरून त्या आल्या ते कमरेला हात लावून. चेहरा पांढराफटक.

"प्रत्येक खड्डा मणक्यात येऊन बसला," एवढंच बोलल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या. "झालं माझं. आता खिडकीतून जग बघायचं."

दोन दिवस बाबा अंगणात नुसते उभे राहत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "विकून टाकू. रोज डोळ्यासमोर दिसेल आणि तिला उगाच वाईट वाटेल." मला खरं तर आनंद व्हायला हवा होता, सावलीची जागा मोकळी होणार होती. पण माझा जळफळाट झाला. गाडी गेली की आईंची उमेदही तिच्याबरोबर जाणार, हे मला दिसत होतं, आणि सांगणार कुणाला?

गिऱ्हाईक म्हणून आले ते एक दातांचे डॉक्टर आणि त्यांची बायको. बाई चांगल्या थोराड, हसतमुख. आई अंगणात खुर्ची टाकून बसल्या होत्या, पायांवर शाल. म्हशीला निरोप द्यायचा तर समोर बसून द्यायचा, असं त्यांनी सकाळीच जाहीर केलं होतं.

बाबांनी गाडी दाखवायला घेतली आणि दुःख विसरले. जाणकाराचं असंच असतं.

"धक्के झेलायला मागच्या शॉकअपमध्ये हवा असते," ते सांगू लागले. "पेट्रोलपंपावरच्या मशीनने कधी भरायची नाही. आत जागा एवढीशी, एका दणक्यात सील फाटतं. हा छोटा हातपंप, हा काटा. हवा कमी असली तर गाडी ढुंगण टेकते, जास्त झाली तर प्रत्येक खड्डा सरळ मागे बसणाऱ्याच्या पाठीत. म्हणून अंदाजपंचे काम नाही. जे बसणार, त्यांनाच बसवून मोजायचं, गाडी दोन बोटं खाली बसली पाहिजे."

त्यांनी मडगार्डवर खडूची रेघ मारली, तिथपासून चाकाच्या नटापर्यंत टेप लावली. मग डॉक्टरांना आणि बाईंना गाडीवर बसवून पुन्हा टेप लावली. बाबांना भाजीतलं मीठसुद्धा मोजून लागतं, त्यामुळे हे सगळं फार गंभीरपणे चाललं होतं.

"वा! बरोब्बर दोन बोटं बसली," बाबा खूश होऊन म्हणाले. "पस्तीसवर काटा आहे. काहीच बदलू नका, ही हवा तुमच्यासाठीच भरल्यासारखी आहे."

"अहो," आईंचा आवाज आला. "त्या दिवशी मला नेलंत तेव्हा काटा कितीवर होता?"

"पस्तीसवर. नेहमीसारखा."

"आणि मला बसवून मोजलंत?"

बाबा टेप गुंडाळू लागले. "तुला कशाला उठबस करायला लावायची? आधीच थकलेली तू. म्हटलं, आपला आकडा तर पाठच आहे."

आईंनी डॉक्टरांच्या बायकोकडे पाहिलं. मग स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं, बांगडी कोपरापर्यंत सरकवली, आणि ती सरकली.

"या बाईंना जी हवा बरोब्बर बसते, त्या हवेवर मला नेलंत. अहो, मी आता तेवढी राहिलेय का?"

इतके दिवस आम्ही सगळे ज्या गोष्टीला वळसा घालत होतो, ती त्यांनी परक्या माणसांसमोर अंगणात आणून ठेवला. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. काय बाई आहे! डॉक्टरांच्या बायकोला खरं तर राग यायला हवा होता. पण त्या गाडीवरून उतरल्या आणि म्हणाल्या, "या, तुम्ही बसा. माझी जागा गरम करून ठेवलीये."

आईंनी शाल बाजूला टाकली. मी स्टूल आणलं. चढताना त्यांनी माझा खांदा धरला. पाय बरोबर जागेवर पडला. बाबा पुढे बसले आणि टेप माझ्या हातात आली. आयुष्यात पहिल्यांदा मी म्हशीच्या मागे गुडघे टेकले.

"किती बसली?" बाबांनी विचारलं.

"अर्धं बोटसुद्धा नाही."

दोघं उतरले. बाबांनी पेटीखालच्या व्हॉल्वची टोपी काढली आणि हवा सोडली. फुस्स. पुन्हा बसले. एक बोट. पुन्हा उतरले, पुन्हा फुस्स. प्रत्येक वेळी आई चढत होत्या, दम खात होत्या, आणि मी हात पुढे केला की "राहू दे गं" म्हणत होत्या. काटा खाली उतरत चालला होता. शेवटच्या वेळी हवा सोडताना बाबांचा अंगठा थांबला. मान वर न करता ते म्हणाले, "एवढीच उरलीस गं?"

"उरलेय ना?" आई म्हणाल्या. "मग त्या हिशेबाने न्या."

मी टेप लावली. दोन बोटं.

गल्लीच्या टोकाला, बेकरीसमोर, एक भलामोठा गतिरोधक आहे. माझ्या स्कूटरवर मी त्याला रोज शिव्या देते. दोघांना घेऊन म्हैस त्याच्यावर चढली, तेव्हा मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ती पलीकडे उतरली होती आणि आईंची पाठ ताठ होती. तिथून परत फिरायचं ठरलं होतं. पण आईंचा हात वर गेला आणि बाबांच्या पाठीत मधोमध थाप बसली.

"परत येतील ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"येतील," मी म्हटलं. "पण तुम्ही दुसरी गाडी बघा."

त्यांच्या बायको मोकळेपणाने हसल्या आणि माझ्याकडून दुसरा चहा मागून घेतला.

तेव्हापासून दर रविवारी अंगणात आईंना बसवून मोजणी होते, आणि टेप धरायचा मान माझा आहे. वजनकाटा अजून माळ्यावरच आहे, त्याची कुणाला आठवणही येत नाही. सुरुवातीला हवेचा काटा होता तिथेच राहायचा. बाबा टोपी घट्ट करायचे आणि आई दोन्ही वेळा पोळीवर जास्त तूप मागायच्या.

गेल्या रविवारी मी टेप लावली, पुसली, पुन्हा लावली. गाडी दोन बोटांहून जास्त बसली होती. मी आकडा सांगितला तसे बाबा उतरून स्वतः बघायला आले. मग घाईघाईने खोलीत गेले आणि तिथूनच ओरडले, "सूनबाई, पंप कुठे ठेवलाय? हवा भरावी लागणार!"