परसातली चढाई

नलूबाईंच्या परसावर चढाई झाली, त्याला अकरा वर्षं होऊन गेली. शत्रू दिसायला मोठा देखणा होता. फिकट जांभळी फुलं, हाताच्या पंज्यासारखी पानं. हिंदी मुलखातल्या चरोद्याच्या रेल्वे यार्डाकडून रुळांच्या कडेकडेनं ती वेल आली, आधी कुंपणावर टेकली, मग भोपळ्याच्या मांडवावर चढली आणि पाहुणी म्हणून आलेली पाहता पाहता घरमालकीण होऊन बसली. सगळी गल्ली तिला रेल्वेची वेल म्हणायची. वरून कापली की खालून फुटायची, तोडलेलं कांडं मातीला लागलं की तिथंच मूळ धरायची.

नलूबाईंचे यजमान हिरालाल मालगाडीचे गार्ड म्हणून निवृत्त झालेले. ही वेल मूळची परदेशातली आहे, इथल्या झाडांना ती जगू देत नाही, असं त्यांनी पेपरात वाचून काढलं आणि तिच्याविरुद्ध युद्ध जाहीर केलं. जाहीर करून ते जेवायला बसले. लढायचं काम अर्थातच नलूबाईंकडे आलं.

लढाईची वेळ दुपारी दोन ते साडेतीन. हिरालाल जेवून आडवे झाले, घोरायला लागले, की नलूबाई मागचं दार ओढून घ्यायच्या, पदर खोचायच्या, खुरपं घेऊन मांडवाखाली बसायच्या आणि तोंड सोडायच्या. आमगावकडच्या त्यांच्या माहेरची ही रीतच होती. धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, निंदण काढायला बायका ओळीनं वाकल्या की एकेका तणाला सासरच्या एकेका माणसाचं नाव द्यायच्या आणि शिव्या मोजत ते उपटायच्या. सासू, नणंद, दीर, नवरा, कुणाचीच गय नसे. नियम एकच. बांधीत बोललेलं बांधीतच ठेवायचं. संध्याकाळी घरी जाऊन त्याच सासूचे पाय चेपायचे, तेही मनापासून, कारण आत काही उरलेलंच नसायचं.

चरोद्यात ना बांधी होती ना बायकांची ओळ. वेल मात्र होती. नलूबाईंनी अकरा वर्षं रोज तिला उपटलं आणि रोज मन झाडून घेतलं. पहिलं मूळ नेहमी हिरालालचं. तीस वर्षांत एकदाही वेळेवर घरी आला नाही, भाजीत मीठ आहे की नाही एवढंही कधी बोलला नाही, असं सगळं त्या मुळाला ऐकवून झालं की मग सासूबाई. सासूबाई जाऊन पंधरा वर्षं झाली होती, पण हिशेब असे मेल्यानं थोडेच मिटतात.

दिवाळीत मुलगा प्रितम पुण्याहून आला. त्याच आठवड्यात गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या आनंदच्या मागच्या अंगणातून गॅसचं सिलिंडर चोरीला गेलं. प्रितमनं लगेच कॅमेरा मागवला, परसातल्या खांबावर बसवला आणि आता पुण्यात बसून मोबाइलवर सगळं दिसेल, असं सांगून तो निघून गेला. दिसेल, एवढंच तो म्हणाला. ऐकूही जाईल, हे सांगायचं त्याला सुचलं नाही.

नलूबाईंनीही काळजी घेतली बरं. जुनं पातळ सोडून धुतलेली साडी नेसून त्या निंदायला बसू लागल्या, पदर नीट डोक्यावर घेऊ लागल्या. तोंड मात्र पूर्वीसारखंच मोकळं. आठव्या दिवशी त्यांच्या हाताला एक चिवट मूळ लागलं.

"हा प्रितम," त्या मुळाला म्हणाल्या. "सा महिन्यातून एक डाव येते, दोन दिवस मोबाइलमंधी मुंडकं घालून बसते अन जाते. मायले इचारत नाही का बापा कशी आहेस. मेला."

"आई," खांब बोलला. "मैंने क्या किया?"

खुरपं हातातून गळालं. नलूबाई धडपडत उठल्या आणि घरात येऊन सरळ देवापुढे बसल्या. कॅमेऱ्याला बोलताही येतं आणि ऐकताही येतं, हे त्यांना असं कळलं.

प्रितम बिचारा रागावला नाही. रागावला असता तर परवडलं असतं. आई एकटीच बोलत बसते, मुळांना नावं देते, हे ऐकून तो घाबरला. रात्री फोन करून त्यानं फार गोड बोलून समजावलं की या वयात असं होतं, लाजायचं कारण नाही, डोक्याच्या डॉक्टरला एकदा दाखवून घेऊ. नलूबाईंनी बरं म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून परसात जाणंच सोडलं.

तो दीड तास गेला आणि नलूबाईंचं घरच गेल्यासारखं झालं. चार खोल्या होत्या, पण मनातलं टाकायला कोपरा नव्हता. मुळांवर जे निघायचं ते आता वरणावर निघू लागलं. शेजारच्या कमलिनीला काही कारण नसताना दोनदा टाकून बोलल्या. वाटीभर साखर मागायला आलेली ती बाई साखर न घेताच परत गेली. ब्लडप्रेशरची गोळी अर्धीची एक झाली.

वेलीला मात्र रान मोकळं मिळालं. मोरीचं पाणी होतंच. होळीपर्यंत तिनं मांडव जिंकला, खांब जिंकला आणि एक दिवस कॅमेराही जिंकला. पुण्याहून फोन आला की स्क्रीनवर सगळं हिरवंच हिरवं दिसतंय, बाबांना वेल कापायला सांग. हिरालाल उठले. अकरा वर्षांत पहिल्यांदा स्वतः विळा घेऊन परसात उतरले. नलूबाई खांबापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"राहू द्या ते."

"कावून? इतके साल तर तूच उपटून राहिली होती."

"मले इथंसा बसाचं आहे, अन बोलाचं आहे. कोणी पाहाले नको, कोणी आयकाले नको. मी येडी नाही झाली. माहं बोलणं माहं आहे." एवढं बोलून त्यांना रडू कोसळलं, आणि आपण रडतोय याचाच फार राग आला.

हिरालालनी विळा खाली ठेवला. खिशातून मोबाइल काढला, मुलाला फोन लावला.

"प्रितम, आयक. मी तीस साल मालगाडीच्या मांगच्या डब्यात बसलो. पुढं पन्नास वॅगन, मांगं मी एकटा. कधी गाणं म्हटलं, कधी रडलो, कोणी पाहाले नव्हतं. म्हणून शाबूत घरी आलो. तुह्या मायले तेवढा एक डबा राहू दे."

मग प्रितमनं विचारलं, आई खरंच ठीक आहे ना. ठीक आहे म्हटल्यावर कॅमेरा पुढच्या फाटकावर लावायचं ठरलं, आवाज बंद करून.

इथं गोष्ट गोड संपायची. पण हिरालालना जिंकल्याचा जोर चढला. बायकोची समजूत काढावी म्हणून ते म्हणाले की तू माझ्याबद्दल जे बोलतेस, भाजीच्या मिठाचं वगैरे, त्यात काही खोटं नाही.

नलूबाईंचे डोळे तिथल्या तिथं कोरडे झाले. तुम्हाला कसं माहीत, असं त्यांनी विचारलं.

मग सगळं बाहेर पडलं. हिरालाल दुपारी कधी झोपतच नव्हते. अकरा वर्षं पडल्या पडल्या ऐकत होते. बायकोला मोकळं वाटावं म्हणून घोरायचे, आणि घसा कोरडा पडेपर्यंत घोरायचे.

मुलानं आठ दिवस ऐकलं तर एवढं रामायण, आणि हा घरातला माणूस अकरा वर्षं कान लावून! नलूबाईंनी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी निकाल दिला. रोज दुपारी दोन वाजता हिरालालनी घराबाहेर पडायचं. ऊन असो, पाऊस असो, साडेतीनच्या आत परत यायचं नाही. हिरालालनी मुकाट्यानं छत्री घेतली आणि दयारामच्या पानठेल्याकडे निघाले.

नलूबाईंनी पुढचं दार लावलं. आत जाऊन खाट पाहिली, रिकामी होती. परसात आल्या, खांब पाहिला, त्यावर नुसती वेल. पदर खोचून त्या मांडवाखाली बसल्या आणि पहिलं मूळ हातात घेतलं.

"हा हिरालाल," त्या म्हणाल्या, आणि अडल्या. नेहमीचं काही तोंडात येईना. बाहेर ऊन रणरणत होतं आणि त्यात तो माणूस छत्री घेऊन बसला असेल.

"माणूस चांगला आहे माहा," त्या म्हणाल्या.

म्हणाल्या आणि दचकल्या. उठून उभ्या राहिल्या, कुंपणापलीकडे डोकावून पाहिलं. कमलिनीची खिडकी बंद होती. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. खरोखरच कुणी ऐकलं नव्हतं. मग त्या खाली बसल्या आणि तेच वाक्य जरा मोठ्यानं पुन्हा म्हणाल्या.