पुरळ

तिनं आपल्या सुतार नवऱ्याची हनुवटी धरून त्याचं तोंड खिडकीकडे वळवलं आणि गालावरून, कानामागून बोट फिरवलं.

“बैल पारखतेयस की काय?” सुतार म्हणाला.

“गप्प बसा. आजही काही नाही. मेलं नुसतं गुळगुळीत!”

त्याच्या फुप्फुसांतला कर्करोग हाडांपर्यंत पोचला होता. इस्पितळात नव्या औषधाची चाचणी चालू होती, तीत सामील व्हायला त्यानं आपणहून सही केली होती. सलाइनमधून जायचं ते जुनं औषध सगळ्यांनाच मिळे. जोडीला रोज एक गोळी. कुणाच्या गोळीत नवं औषध, कुणाची नुसतीच पिठाची. कुणाची कुठली, हे डॉक्टरांनाही ठाऊक नसतं म्हणे. त्या ‘म्हणे’वर तिचा काडीचाही विश्वास नव्हता. गोळ्यांची डबी भरणाऱ्याला तरी माहीत असेलच ना?

इस्पितळात सलाइन घेताना शेजारच्या खुर्चीत असणाऱ्या शिंप्याच्या अंगावर पुरळ उठलं, तेव्हापासून तर तिच्या जिवाला घोरच लागला. नव्या औषधानं पुरळ येऊ शकतं, असं डॉक्टरच म्हणाले होते. शिंपी बिचारा खाजवून हैराण आणि हिला त्याचा हेवा! तो बडबड्या, डॉक्टरांना हसवतो, म्हणून त्याला खरी गोळी. आपले हे तोंडाला कुलूप लावून बसणारे, यांना पीठ. सिस्टर गोड बोलली तरी तिला वाटे, ही काहीतरी लपवतेय. एकदा तिनं गोळी जिभेला लावून पाहिली. कडू लागली. पण कडू करायला काय लागतं?

“फसवतायत तुम्हाला,” ती ताट सरकवून म्हणायची.

“फसवू देत. तू दोन घास खा आधी.”

आणि एका सकाळी सुतार आंघोळ करून आला तो गळ्यावर, छातीवर लालेलाल होऊन.

“अगंबाई! आलं की हो!” तिनं त्याला धरून हलवलंच. “मी उगाच सगळ्यांना शिव्या घालत होते.”

“तरी मी सांगत होतो,” तो म्हणाला.

त्या दिवशी ती कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

दुपारी न्हाणीघर धुताना मोरीच्या जाळीत पॉलिशपेपरचा एक तुकडा अडकलेला दिसला. लाकडावर शेवटचा हात फिरवायला सुतार वापरायचा, तोच बारीक खरखरीत कागद. हत्यारांना तर त्यानं आजारपणापासून हात लावला नव्हता. ती ओल्या फरशीवर तशीच बसून राहिली. मग तोंडावर पाणी मारलं आणि तो तुकडा कचऱ्यात अगदी तळाशी दडपला.

संध्याकाळी मलम लावायला तिनं त्याला सदरा काढायला लावला. छाती, गळा, दंड सोलवटून निघाले होते. तिनं हलक्या हातानं मलम लावलं आणि त्याच्या मागे जाऊन बसली. तिथं त्याचा हात पोचला नव्हता.

“पाठीवर पण आहे का गं?” त्यानं दबकत विचारलं.

तिनं मलमाचं बोट त्या नितळ पाठीवर टेकवलं.

“आहे तर! चांगलं भरगच्च उठलंय. हलू नका.”