डिप्लोमा नको, काम दाखवा

शिरूरजवळच्या मारुतरावांच्या शेडमध्ये उसाच्या ट्रॉल्या बनत. बाहेर पाटी होती: वेल्डर पाहिजे, डिप्लोमा नको, काम दाखवा. तेजश्रीची शाळा दहावीतच सुटली, पण बापाच्या हाताखाली ती वेल्डिंग शिकली होती. ही नोकरी तिला हवीच होती. तिनं ट्रॉलीच्या दांडीला हूक जोडून दाखवला. मारुतरावांनी त्यावर घण घातला. जोड हलला नाही.

"काम चांगलं हाय. कुणाची गं तू?"

"कवठ्याच्या सुदाम वेल्डरची."

"ते झालं. कुठल्या आळीची?"

हा प्रश्न कशासाठी असतो, ते तेजश्रीला शाळेपासून ठाऊक होतं. तिनं हातमोजे काढले.

"बुद्धविहारामागची. मामा, पाटीवर डिप्लोमा नको लिवलंय. आळी बघून कामावर घेऊ, हे लिवायचं राहिलं व्हय?"

शेडमधली माणसं खाली बघायला लागली. मारुतरावांनी पुन्हा घण उचलला आणि त्याच जोडावर जोरात घातला. जोड तसाच राहिला.

"सोमवारपासनं ये," हुकाकडं बघत ते म्हणाले.

"येते. पण चहा सगळ्यांच्याच कपात पिणार. आत्ताच सांगते."

तेजश्रीनं किटली उचलली आणि फळीवरचा हाताला लागेल तो कप घेतला.