मामाचं वेगळं पान

कोरियातल्या जेजू बेटावरच्या त्या गावात हिवाळ्यातल्या एकाच संध्याकाळी घरोघर मृतांची पानं मांडली जात. शिपायांनी गाव जाळलं, तेव्हा सगळी एकाच दिवशी गेली होती. बोकसुनची आई मात्र आपल्या भावाचं पान त्यानंतर पंधरवड्यानं, दार लावून मांडायची. का, ते तिनं कधी सांगितलं नाही. यंदा आईही गेली, आणि पान मांडायचं बोकसुनकडे आलं. तिथी चुकली तर मामा उपाशी परतणार. म्हणून खात्री करून घ्यायला ती आईच्या मैत्रिणीकडे, ओखवामावशीकडे गेली. मावशीला आताशा माणसं ओळखू येत नसत.

"मावशी, मामाची तिथी वेगळी का गं?"

मावशीनं तिचं मनगट घट्ट धरलं. "हळू बोल, चुनजा. शिपाई बांधापलीकडेच आहेत."

"मी चुनजाची मुलगी, मावशी."

"बरं, थट्टा पुरे. खड्ड्यात लपलेल्या भावाला रताळी दे नि लगेच फीर. आणि मेले, या खेपेला खोकू नकोस. मागं तू खोकलीस, म्हणून तर त्यांना तो सापडला. मी कुणाला सांगितलं नाही हं. सांगणारही नाही."

बोकसुनला दवाखान्यातली आई आठवली. फुप्फुसं भरलेली असतानाही ती उशीची कड तोंडात धरून खोकला गिळत होती.

पंधरवड्यानं बोकसुननं दार लावून मामाचं पान मांडलं, मृतांसाठी करतात तसा भातात चमचा उभा केला. बाहेर बांधाजवळ कुणाची तरी पावलं थांबली. तिच्या घशात खवखवलं, आणि नकळत तिनं बाही दातांत धरली.