गाईंना बंदी असलेली गायवाट

आक्का लंगडायला लागली आणि मालकीणबाईंचं जेवणावरून मन उडालं. आक्का म्हणजे गोठ्यातली सगळ्यांत वडीलधारी गाय. ती पुढे निघाली तरच बाकीच्या निघणार. ती थांबली की सगळा कळप जागच्या जागी. कुरणाला फाटक एकच, आणि पाऊस लागला की त्या फाटकात गुडघाभर राडा. त्यातून रोज जाऊन-येऊन आक्काचा मागचा खूर मऊ पडला आणि त्यात खडा रुतला. जनावरांच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, की ही अशीच चिखल तुडवत राहिली तर खूर हातचा जाईल, आणि मग तिला काढून टाकावं लागेल.

मालकीणबाई नवऱ्याच्या खनपटीला बसल्या. नवरा काही आळशी नव्हता, उलट एकदा काम हातात घेतलं की त्याच्या अंगातच यायचं. त्याने जुन्या फाटकाशेजारी नवं फाटक काढलं. गोठ्यापासून तिथपर्यंत कडेने चर खणला, जाड कापड अंथरलं, वर खडी, खडीवर बारीक मुरूम आणि मुरुमावर रोलर. वाट अशी झाली की गादी न घालता तिच्यावर झोपावं.

आणि इथेच घोटाळा झाला. वाट त्याला फारच आवडली.

पहिल्या दिवशी तो म्हणाला, वाट ओली आहे, खुरांचे ठसे उठतील. मग ऊन पडलं, तर म्हणे आता कुठे आवळून येतेय, एवढ्यात नको. मग दोन्ही तोंडांना दोरी लागली. मग त्याच्या हातात झाडू आला. नणंदबाई भावाचं कौतुक करायला आल्या, त्यांनी चपला हातात घेऊन वाट चालून पाहिली आणि मधोमध खुर्ची टाकून चहाही घेतला. गाई मात्र शेजारच्या राड्यातून पोटापर्यंत बरबटून जायच्या, आणि जाताना वाटेकडे असं बघायच्या, जसं आमंत्रण नसलेल्या लग्नाच्या मांडवाकडे बघावं.

मालकीणबाई रोज भांडायच्या. तो रोज म्हणायचा, उद्या नक्की.

एका सकाळी धो धो पावसात आक्का जुन्या फाटकात रुतली. दुखरा पाय वर धरून ती तीन पायांवर उभी, मागे सगळा कळप खोळंबलेला. नवरा धावत आला, तिला ढकलायला चिखलात उतरला आणि मांडीपर्यंत आत गेला. आता आक्काला सुटायला एकच जागा होती, ती म्हणजे बाजूची वाट. मालकीणबाईंनी दोरी सोडली आणि आंबोणाची बादली घेऊन त्या वाटेवर उभ्या राहिल्या.

नवऱ्याने आक्काचे पाय पाहिले. मग वाटेकडे पाहिलं.

"तिचे पाय आधी धुऊन घेतले तर?" मांडीभर चिखलातल्या माणसाने विचारलं.

मालकीणबाईंचा पारा चढायचा तो उलट उतरलाच. "अहो," त्या हळूच म्हणाल्या, "आक्का गेली तर या वाटेवर चालवणार कुणाला?"

त्याने आक्काला खांदा लावला. एक खूर वाटेवर आला, मग दुसरा. दुखरा खूर बराच वेळ हवेत घुटमळला आणि शेवटी टेकला. तिने तो पुन्हा उचलला नाही. त्यावर सगळा भार टाकून ती उभी राहिली. हे सगळं नवऱ्याच्या अगदी नाकासमोर घडलं, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण केवढा गाढवपणा केला, हे त्याला तेव्हा कळलं.

आक्कामागे अख्खा कळप त्या वाटेवरून गेला. राडा उडाला, शेण पडलं, वाटेची पार रया गेली. मालकीणबाई दोर घेऊन अजून चिखलातच रुतलेल्या नवऱ्याकडे वळल्या.

"माझं राहू दे," तो म्हणाला. "तू तिच्यामागे जा. ती चरतेय का बघ."

त्या गेल्या. आक्का चारही पाय रोवून चरत होती. तिच्या पाठीवर हात ठेवून मालकीणबाई पोटभर रडल्या, आणि नवऱ्याची आठवण त्यांना बऱ्याच वेळाने झाली.