रईबेनचा शब्द

“शेअर म्हंजी भाग, काकी. एक म्हैस, लाख मालक. नफ्याचं दूध निघालं की ज्याचा त्याचा वाटा घरपोच. त्याला डिव्हिडंड म्हणायचं.”

“आन शेण कुणी काढायचं?” रईबेननं विचारलं, आणि अंगणातल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या.

दर्शील मात्र हसला नाही. मेहसाण्याच्या शेअरच्या कचेरीतला माणूस, त्यात ह्याच गावचा, खेरपुऱ्याचा, जमाई. जमाई एका घराचा नसतो, अख्ख्या गावाचा असतो. त्याला खाटेवरून ऊठ कोण म्हणणार?

“गावच्या डेरीचा, दूध मंडळीचा, शेअर हाय की आमच्याकडं,” धुळीबेन म्हणाली. “धा रुपयाचा. तीस वरसं झाली, धाचाच हाय.”

“मी सांगतोय ह्यो शेअर रोज पाच टक्के चढतोय,” दर्शील म्हणाला. “ दिवसात त्याच्या वर जायला बंदी हाय. त्याला सर्किट म्हणत्यात.”

“आन पडला तर?” रईबेन म्हणाली.

“तरी बी पाचच.”

हे रईबेनला पटलं. रोज पाचच पडणार असेल तर निसटायला सवड आहे. पण ती काही वेडी नव्हती. लागोपाठ तीन वेळा स्वतःच्या हातानं धार काढल्याशिवाय तिनं उभ्या जन्मात म्हशीचे पैसे दिले नव्हते, आणि तिनं पारखलेली म्हैस गाव डोळे मिटून घेत होतं. तिनं थोडेच शेअर घेतले, आठ दिवसांनी म्हणाली, “आता इकून दाव.” दर्शीलनं विकले. पैसे नफ्यासकट बँकेत आले. मग रईबेननं सगळी पुंजी लावली, तिच्यामागं साठ घरांनी दूध मंडळीचा वर्षाचा बोनस लावला, आणि विधवा धुळीनं दारची गाभण रेडी विकून लावली.

चैत्रभर भाव चढतच गेला. वैशाखात लू सुटली, शेतातली माती तव्यासारखी तापली, आणि एका सोमवारी शेअर पाच टक्के पडला.

“इक सगळं,” रईबेननं त्याच घटकेला फोन केला.

“इकायला लावलंय, काकी. घेणाराच न्हाई.”

“घेणारा न्हाई म्हंजी? भाकड म्हशीला बी गिऱ्हाईक असतंय!”

“सगळेच इकायला निघालेत. फळ्यावर भाव हाय, माणूस न्हाई.”

मंगळवारी पाच. बुधवारी पाच. अकरा दिवस तसेच गेले. मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, पहिल्यांदा तिचे शेअर घेतले होते ते दर्शीलच्याच माणसांनी, गिऱ्हाईक आहे असं भासवायला. म्हैस विकणारा दोन वेळचं दूध कासेत तुंबवून दाखवतो, तसला हा प्रकार, आणि त्याला फसली कोण, तर रईबेन! तिला स्वतःची लाज वाटली.

बाराव्या दिवशी दर्शील आला. अंगण बायकांनी भरलेलं होतं.

“पल्याडच्या जाखासण गावच्या बायका यायल्यात. बचत गटाचे पैसे हायत. सस्तात मिळतोय तर घ्यावा का, इचारतील. तुमी फकस्त म्हणायचं, ‘मी ठेवलाय.’ खोटं हाय का त्यात? त्या घेतील, आपल्या गावाचं थोडं तरी निघंल.”

नको, असं कुणीही म्हणालं नाही.

तेवढ्यात छकड्यातून पाचजणी उतरल्या. पुढं होती ती मोंघीबेन, पोटुशी, घामानं निथळलेली. ती रईबेनच्या पाया पडली.

“मावशी, तुमी निवडलेली म्हैस कधी आटत न्हाई म्हणत्यात. सांगा, घिऊ का?”

“हो म्हण, रई,” मागून धुळी पुटपुटली. “माझी रेडी गेली गं.”

रईबेननं धुळीकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर जीभ वळली नसती.

“घिऊ नका,” ती म्हणाली. “आमचं बुडालंय. आज घ्याल आन उद्या घेणारा हुडकत आमच्यागत दारोदार फिराल.”

मोंघीबेन आल्या पावली परतली. अंगणातल्या बायकाही एकेक करून उठून गेल्या. धुळी तेवढी थांबली.

“तिच्या पोटातलं पोर दिसलं तुला. माझी दोन न्हाई दिसली.”



दर्शीलनं मोटारसायकलला किक मारली. “काकी, तुमी एका गावाला न्हाई म्हणालात. तुमच्या नावानं मी सात गावांत बोललोय. तिथं कोण सांगणार?”

“कुठली गावं?”

“हुडका की,” म्हणत जमाई धूळ उडवत गेला.

गोठ्यात म्हशी रेकायला लागल्या. रईबेननं ओढणी डोक्यावर घट्ट घेतली, तांब्याभर ताक प्याली आणि फाटकाबाहेर पडली.

“रई, एवढ्या लूमधी कुठं निघालीस?” धुळी न राहवून ओरडली.

“आजच्या धारा तू काढ,” रईबेन म्हणाली, आणि शेजारच्या गावाच्या सडकेला लागली.